भाच्याचा हात, भाऊंचं डोकं: स्ट्रीट फायटर 6च्या तयारीच्या नोंदी

रविवार, 13 एप्रिल 2025

जूनच्या शेवटच्या रविवारी नागपुरात धरमपेठेतल्या एका गेमिंग कॅफेत स्ट्रीट फायटर 6 या दोघांच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा आहे. भाच्याला उतरायचंय. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रँक प्लॅटिनम, कॅरेक्टर र्‍यू. माझ्याकडे पीसी आहे, रविवार मोकळा आहे आणि जुनी खाज आहे, म्हणून तयारीचं काम माझ्याकडे आलं. आणखी कुणी असा उद्योग करत असेल तर त्याचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहून ठेवतोय. मूव्ह शिकवणारे व्हिडिओ ढीगभर पडलेत, ते इथे उगाळत नाही.

भाचा कुठे कमी पडतो ते पाहायला आज त्याला भाऊंसमोर बसवलं. भाऊ आमचे शेजारी, वय 47, इतवारीत भांड्यांचं दुकान. कॉलेज बुडवून महालातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाच्या नाण्यावर किंग ऑफ फायटर्स 97 खेळलेला माणूस. तिथे डायमन हा ज्युदोवाला घेऊन जमीन हादरवायचे आणि पोरांना धरून आपटायचे. इथे झँगीफ हा धरून आपटणारा पैलवान घेतात, तोही मॉडर्न कंट्रोलवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॉडर्नमध्ये एका बटणावर स्पेशल मूव्ह निघते, हात वळवावा लागत नाही, पण त्या मूव्हचा मार 20 टक्के कमी होतो. भाचा क्लासिकवर खेळतो आणि मॉडर्नवाल्यांना मनातून जरा कमी लेखतो.

दहाला पहिला कोण, असं ठरलं. भाऊंचे दहा झाले तेव्हा भाच्याचे तीन होते.

गेमच्या ट्रेनिंग रूममध्ये हाच पोरगा कोपऱ्यातला लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले फटके, डोळे मिटून काढतो. आज तो कॉम्बो अख्ख्या बैठकीत जेमतेम दोनदा पूर्ण झाला. बाकी वेळा एकतर मधेच तुटला, नाहीतर सुरू करायची वेळच आली नाही. भाऊंनी त्याला उडवला, धरला, आपटला, उठताना परत धरला. जाताना म्हणाले, "अबे, तू हात चालवून राहिला, पाहून नाही राहिला."

बुधवार, 16 एप्रिल

रिप्ले बसून पाहिले. गेममध्येच रिप्लेवर दोघांची बटणं दिसतात, त्यामुळे वाद घालायला जागा राहत नाही. भाच्याला बसलेला बहुतेक मार तीन गोष्टींतून आलाय. झँगीफ उडी मारून आला आणि भाच्याने खालून काहीच केलं नाही. भाऊंनी ड्राइव्ह इम्पॅक्ट (समोरचा फटका अंगावर झेलत मारायचा जोरदार धक्का) टाकला आणि हा पाहत राहिला. आणि तिसरं, दोन फटके ब्लॉक केले की हा हटकून जॅब, म्हणजे झटपट हलका ठोसा, दाबतो, भाऊंना ते पाठ झालंय, ते त्याच क्षणी धरतात.

पहिल्या दोन गोष्टी हाताच्या, तिसरी डोक्याची, असं मी वहीत लिहिलं. पुढे ही वाटणी काही टिकली नाही, पण तेव्हा तसंच वाटलं.

रविवार, 20 एप्रिल

आजचा दिवस टीव्हीने खाल्ला.

ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला 26 फ्रेम लागतात. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, गेम सेकंदाला 60 फ्रेमवर चालतो. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे 15 फ्रेम लागतात. आपणही उलट ड्राइव्ह इम्पॅक्ट दाबला तर त्याला पहिल्या फ्रेमपासून चिलखत असतं, म्हणून समोरचा फटका पोचायच्या आत दाबलं की काम झालं. हिशोबाने भरपूर वेळ आहे. तरी भाच्याला एकही जमेना, आणि गंमत म्हणजे मलाही जमेना.

मग मोबाइलच्या स्लो मोशनने मोजलं. मोबाइल 240 फ्रेमवर ठेवायचा, बटण आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्यायचे, बोट टेकल्यापासून र्‍यू हलेपर्यंत चित्रं मोजायची आणि चारने भागायचं. हॉलमधल्या टीव्हीवर दहा-अकरा फ्रेम निघाले. आतल्या खोलीतल्या जुन्या मॉनिटरवर पाच-सहा. म्हणजे टीव्हीवर 26मधून 15 आणि 10 वजा जाता हातात एक फ्रेम उरतो. या पडद्यावर डायगो उमेहारासारखा नावाजलेला जपानी खेळाडू बसला असता तरी त्याने मार खाल्ला असता.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड सापडला, त्याने बराच फरक पडला, पण शेवटी सगळं मॉनिटरवर हलवलं. सरावाला बसायच्या आधी हे मोजा. खर्च शून्य. आम्ही त्याआधीचा आठवडा पोराच्या रिफ्लेक्सवर बोलण्यात घालवला होता.

रविवार, 27 एप्रिल

पॅडचा डी-पॅड (दिशांची चौफुली) संशयित. बसून मागे दाबताना मधेच उडी निघते, रिप्लेमध्ये 'वर' दिसतं. स्वस्तातला पॅड, रबर बसलंय. विकतचा लीव्हरलेस कंट्रोलर आमच्या बजेटबाहेर, म्हणून घरीच बनवायचं ठरलं. लीव्हरलेस म्हणजे दांडी नाही, चारही दिशांना चार बटणं.

बर्डीवरून रास्पबेरी पाय पिको बोर्ड आणला, साडेचारशेला. आर्केडची बटणं ऑनलाइन मागवली, 24 मिलिमीटरची, आणि उडीसाठी एक 30ची. खोक्याला सुताराकडून 12 मिलिमीटरच्या प्लायला भोकं पाडून घेतली. मजुरी तीनशे.

बटणं आली आणि प्लाय वाया गेला. ही बटणं खटकन बसणारी, बाजूच्या दोन कानांवर अडकतात, आणि ते कान तीन-चार मिलिमीटरच्या पत्र्यालाच पकडतात. 12च्या प्लायमध्ये नुसती ठेवल्यासारखी बसली, दाबलं की वर येत होती. जाड लाकूड वापरायचं असेल तर आटे असलेली, मागून नट लागणारी बटणं घ्या. आम्ही नावाच्या पाट्या कापून देणाऱ्याकडून 3 मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक लेझरवर कापून घेतलं आणि प्लायचं खोकं खाली तळ म्हणून वापरलं.

शनिवार, 3 मे

जोडणी झाली. बोर्डावरचं छोटं बटण दाबून धरून यूएसबी लावली की पिको पेनड्राइव्हसारखा उघडतो, त्यात जीपी2040-सीईची फाइल टाकली की तो गेमपॅड होतो. यात प्रोग्रॅमिंग काही नाही. प्रत्येक बटणाची एक तार बोर्डाच्या पिनला, दुसरी ग्राउंडला. ग्राउंडची तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेने फिरवली.

माळेतच घोळ झाला. रात्री खेळताना उजव्या हाताची चार बटणं एकदम मेली. एक मेलं असतं तर बटण खराब म्हटलं असतं, ओळीने चार गेली म्हणजे माळ तुटलेली. मल्टिमीटर लावला, पाचव्या बटणाच्या लगवर कच्चं सोल्डर. पुन्हा डाग दिला. आता माळेचं दुसरं टोकही बोर्डाच्या ग्राउंडला जोडलंय, म्हणजे एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळेल.

डावं-उजवं एकत्र दाबलं तर काय व्हावं, हे सेटिंगमध्ये ठरवावं लागतं. आम्ही 'न्यूट्रल' ठेवलं, म्हणजे दोन्ही रद्द. वर-खालीही तसंच. स्पर्धांमध्ये यावरून कंट्रोलर अडवतात, आयोजकांना आधी विचारून घ्या.

रविवार, 11 मे

भाच्याचे पेपर सुरू, त्यामुळे काम अर्धवट. ताई म्हणजे त्याची आई फोनवर म्हणाली, "तुझ्याकडे येऊन राहिला तर अभ्यास कधी करून राहिला?" तिला सांगायला उत्तर नव्हतं. 45 अंशांत दुपारी दिवे गेले, कूलर बंद, बटणांवर घामाची बोटं घसरतात.

नव्या कंट्रोलरवर त्याचा शोर्‍यूकेन पार गेला. पुढे, खाली, पुढे-खाली ही चाल, जिने वर उसळता ठोसा निघतो, अंगठ्याच्या सवयीची होती, ती आता तीन बोटांत वाटायची आहे. उलट भलतीकडेच निघतो: पुढे चालत जाऊन हादोकेन (लांबून फेकायचा गोळा) टाकायला गेला की शोर्‍यूकेन निघतो. कारण साधं. 'पुढे' आधीच दाबलेलं असतं, त्यावर खाली आणि पुढे आलं की गेमला ती शोर्‍यूकेनची चाल वाटते. चालणं थांबवून बोट क्षणभर सोडायचं, मग हादोकेन. हे हात बदलल्याशिवाय कळत नाही, पॅडवर त्याचा अंगठा नकळत मधे थांबत होता.

रविवार, 18 मे

आजचा प्रयोग या सगळ्या उद्योगातला सगळ्यात कामाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रेनिंग रूममध्ये समोरच्या बाहुल्याची हालचाल रेकॉर्ड करून वेगवेगळ्या स्लॉटमध्ये ठेवता येते आणि गेम त्यातून कुठलीही उचलून वाजवतो. पहिल्या स्लॉटमध्ये झँगीफची पुढची उडी ठेवली. उडी एकूण 45 फ्रेमच्या आसपास, पाऊण सेकंद. दुसऱ्या स्लॉटमध्ये नुसतं उभं राहणं. भाच्याला सांगितलं, उडी आली की शोर्‍यूकेन. जवळजवळ प्रत्येक उडी पाडली. तो माझ्याकडे पाहून हसला.

मग तिसऱ्या स्लॉटमध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट टाकला. लगेच उड्या सुटायला लागल्या. चौथ्यात झँगीफचं चालत येऊन धरणं टाकलं. आता निम्म्या उड्या डोक्यावर आणि इम्पॅक्ट तर सरळ छातीवर. तोच हात, तोच मॉनिटर, तोच र्‍यू. शोर्‍यूकेन काढता येत नाही असं नव्हतं. वाट चार गोष्टींची पाहायची म्हटली की प्रत्येकीच्या वाट्याला लक्ष थोडंच येतं, आणि शोर्‍यूकेनसाठी त्याला अजून विचार करावा लागत होता.

उड्यांसाठी शोर्‍यूकेनऐवजी बसून जोराचा ठोसा लाव म्हटलं. र्‍यूचा तो ठोसा समोरून येणारी उडी चांगली पाडतो, मार कमी, पण दोन बटणांचं काम. निकाल झटक्यात सुधारला. उडी डोक्यावरून पलीकडे गेली तर हा ठोसा कामाचा नाही, तिथे ब्लॉक करायचा.

भाच्याला हे पटेना. "मामा, शोर्‍यूकेनचा डॅमेज बघ ना." बघितला. पण न निघालेल्या शोर्‍यूकेनचा डॅमेज आपल्याच जिवातून जातो.

संध्याकाळी वाद पुढे चालला. त्याने पुरावा म्हणून 2004च्या इव्होची, म्हणजे फायटिंग गेमांच्या मोठ्या स्पर्धेची, ती क्लिप लावली: स्ट्रीट फायटर 3चा थर्ड स्ट्राइक, डायगो उमेहाराचा केन, जस्टिन वाँगची चुन-ली. केनच्या जिवाची नुसती रेघ उरलेली, ब्लॉक केलं तरी मरणार, आणि डायगो सुपरचे (तिच्या सगळ्यात मोठ्या हल्ल्याचे) पंधराच्या पंधरा फटके पॅरी करून, म्हणजे नेमक्या क्षणी मार न खाता अडवून, उलट मारतो. "याला हात म्हणतात," भाचा म्हणाला.

हात आहेच. पण पहिला पॅरी सुपरची चमक दिसल्यावर दाबून भागत नाही, तो आधीच सुरू करावा लागतो. वाँग आता ब्लॉकवरूनच जीव काढायला सुपर टाकणार, हे डायगो ओळखून बसला होता. ओळखलं म्हणून हाताला वेळ मिळाला, आणि हात तयार होता म्हणून ओळखल्याचं चीज झालं. आणि एवढं करून ती स्पर्धा तो जिंकला नाही, अंतिम सामना हरला. क्लिप तिथपर्यंत जात नाही.

भाऊ चहा प्यायला आले होते. त्यांना 2023च्या हांगचौ आशियाई खेळांची गोष्ट सांगितली. तिथे स्ट्रीट फायटर 5 मध्ये आपलेही दोघे खेळले होते, मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास, पण सुवर्ण नेलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने, वय 44. भाऊ उठून सरळ बसले. "म्हणजे मले अजून चान्स आहे म्हणता?"

रविवार, 25 मे

भाच्याचे पेपर संपले. कॉम्बोंची छाटणी.

भिंतीवर कागद लावला, त्यावर तीनच वाटा. जवळून कमी जोखमीचा फटका लागला तर काय, समोरच्याची मोठी मूव्ह हुकली तर काय, उडी पाडल्यावर काय. ड्राइव्ह रश कॅन्सलवाला (फटका मधेच तोडून पुढे झेपावण्याचा) लांब कॉम्बो कागदावर नाही. तो ड्राइव्हच्या, म्हणजे अशा मूव्हसाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या, सहा खणांतले तीन एका झटक्यात खातो. लागला तर ट्रेनिंग रूमच्या आकड्यांनुसार हजारभर मार जास्त, दहा हजारांच्या जिवात हे कमी नाही. पण समोरच्याने ब्लॉक केलं तरी तीन खण गेलेलेच असतात, मग बर्नआउट, म्हणजे ड्राइव्ह पूर्ण संपणं, जवळ येतं, आणि कोपऱ्यात बर्नआउट असताना ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक केला तरी माणूस चक्कर येऊन उभा राहतो. भाच्याच्या बऱ्याच हारींची सुरुवात या कॅन्सलपासून होती, शेवट झँगीफच्या हातात दिसायचा एवढंच.

बाहुल्याचा गार्ड 'रँडम' ठेवून सराव. लागलं तर पुढे जायचं, ब्लॉक झालं तर हात आवरायचा. आवरणं जास्त कठीण निघालं.

रविवार, 1 जून

डावपेचांची वही. हा माझा उत्साह. प्रत्येक कॅरेक्टरसाठी एक पान: लांब असताना काय, जवळ असताना काय, तो उठताना काय, आपण उठताना काय, बाणांनी जोडलेलं. दोन संध्याकाळी घालवून बारा-तेरा पानं भरली. भाच्याने पाठही केली, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पाठांतराला घाबरत नाही.

मॅचमध्ये तो गोठला. समोर मरीसा हे कॅरेक्टर आलं की मनात पान उलटत होता आणि तोवर दोन ठोसे बसलेले. बटणं उशिरा, नेहमी पडणारी उडीही पडेना. मेमध्ये चार स्लॉटने जे केलं तेच आता माझ्या पानांनी केलं. डावपेचही डोक्यातली जागा अडवतात, कॉम्बोंइतकीच.

भाऊंना विचारलं, तुम्ही खेळताना काय विचार करता. ते म्हणाले, "काही नाही. पहिल्या राउंडले एकच पाहतो, खाली पडल्यावर उठताना पोरगा काय करते. उडते, का दाबते, का गप बसते. बाकी हात आपला चालू राहते." मग जरा थांबून, "पार्लरमधे रुपया जायचा ना. गेल्यावर घरून आणायचा कुठून? म्हणून पहिले पाहून घ्यायचो."

वही कपाटात. आता प्रत्येक राउंडला एकच प्रश्न, आणि राउंड संपला की त्याचं उत्तर मोठ्याने सांगायचं. पहिल्या राउंडचा प्रश्न भाऊंचाच: उठताना काय करतो? उत्तर सांगता आलं नाही तर राउंड जिंकला असला तरी मी तो हरल्यात धरतो. भाचा यावर चिडतो.

शुक्रवार, 6 जून

काल गेममध्ये एलेना हे नवं कॅरेक्टर आलं आणि सोबत बॅलन्स अपडेट, म्हणजे मूव्हच्या ताकदीत फेरफार. ऑनलाइन सगळीकडे एलेनाच एलेना, कुणालाच ती खेळता येत नाही आणि कुणालाच तिच्याशी खेळता येत नाही. या आठवड्याच्या रँकवरून काही निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. भिंतीवरच्या तिन्ही वाटा पुन्हा तपासल्या, चालतात.

रविवार, 15 जून

इथे धागा जुळला असं वाटतंय.

भाऊंसमोर भाचा हादोकेनच टाकत नव्हता. विचारलं तर म्हणे, "टाकला की काका उडी मारतात." बरोबर, मारतात. पण स्ट्रीट फायटर 2पासून र्‍यूचा अख्खा खेळ त्याच उडीवर उभा आहे: हादोकेनने समोरच्याला उडायला लावायचं आणि उडाला की खालून पाडायचं. उडी पडेल याचा भरवसा नसेल तर हादोकेन टाकणं म्हणजे झँगीफला पत्ता देणं. म्हणजे मी एप्रिलमध्ये वहीत 'भाचा लांबून खेळत नाही' हेही डोक्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ते चुकीच्या जागी होतं. त्याला डाव माहीत होता. हातावर विश्वास नव्हता, म्हणून डाव मनातच मरत होता.

आता बसून ठोसा भरवशाचा झालाय, तर हादोकेन आपोआप सुटायला लागले. कुणी सांगावं लागलं नाही. भाऊ दोनदा उडाले, दोनदा पडले, मग उडायचे थांबले आणि पॅरी करत चालत यायला लागले. चालत येणाऱ्याला पुढे होऊन धरता येतं, पॅरी थ्रोला, म्हणजे धरून आपटण्याला, चालत नाही. भाच्याने हे तिसऱ्या वेळी ओळखलं आणि धरलं. भाऊ म्हणाले, "आता पाहून राहिला बे!"

सराव निवडताना आम्ही आता एवढंच विचारतो: ही गोष्ट हाताला बसली तर कुठला निर्णय मोकळा होईल? उडी पाडणं बसलं तर हादोकेन मोकळा होतो. हादोकेन मोकळा झाला की समोरचा चालत येतो, आणि मग थ्रो. लांब कॉम्बोने यातलं काहीच मोकळं होत नव्हतं. परफेक्ट पॅरीचा सराव भाच्याला हवा होता, दोन फ्रेमची खिडकी, दिसायला झकास. तो काढून टाकला.

दोन फटके ब्लॉक केल्यावर जॅब दाबायची खोड मात्र सुटत नाही. त्यासाठी रिप्ले टेकओव्हर वापरतोय: हरलेल्या मॅचचा तोच क्षण उघडायचा आणि तिथून स्वतः खेळायचं. दर वेळी वेगळं काही करायचं, एकदा गप बसायचं, एकदा मागे उडी, एकदा जॅबच. उद्देश जॅब बंद करणं नाही. तो कधी येईल हे भाऊंना कळू नये, एवढाच.

रविवार, 22 जून

दहाला पहिला कोण, पुन्हा. भाऊ 10, भाचा 8. भाऊंनी हरता हरता शेवटच्या दोन मॅचमध्ये ड्राइव्ह इम्पॅक्टची वेळ बदलली, राउंड सुरू होताच टाकायला लागले. 47 वर्षांचा माणूस, एका बटणावरच्या मूव्ह, वीस टक्के कमी मार, आणि तरी. भाच्याने मॉडर्नबद्दल बोलणं बंद केलंय.

रविवार, 29 जून

स्पर्धा. सकाळी तर्री पोहे खाऊन निघालो, पाऊस नव्हता. कॅफेचे मॉनिटर चांगले, पण एसीखाली बसवल्याने भाच्याची बोटं गारठली, पहिल्या मॅचआधी हात चोळत बसला होता. कंट्रोलर तपासला, डावं-उजवं न्यूट्रल आहे हे पाहून सोडलं. एका पोराचा याच कारणासाठी अडवला, त्याला पॅडवर खेळावं लागलं.

पहिली मॅच केनशी, 2–0. दुसरी बायसनशी, 1–2. पहिल्या गेमनंतर मी मागून विचारलं, उठताना काय करतो? भाच्याने मान हलवली. पाहिलंच नव्हतं. दबाव आला की पहिलं पाहणंच बंद पडतं, हात चालू राहतात. लूझर्समध्ये, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटात, गेल्यावर तो स्वतःच राउंडच्या मधे पुटपुटायला लागला, "दाबतो, दाबतो," आणि पुढच्या राउंडला समोरचा उठताना दाबायची वाट पाहून ब्लॉक करून मारलं. लूझर्समध्ये सलग दोन जिंकला. एक झँगीफ आला होता, त्याची तर दया आली.

मग अकुमा. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, बोलत नव्हता. अकुमाचा जीव 9,000, र्‍यूपेक्षा हजाराने कमी, त्यामुळे तो फार चुका करू शकत नाही. त्याने केल्याच नाहीत. कुठूनही लहानसा फटका लागला की ड्राइव्ह रश, कॉम्बो, आणि भाचा कोपऱ्यात. एकही कॉम्बो तुटला नाही. भाच्याने त्याला वाचलं होतं, दोनदा उडी पाडली, एकदा इम्पॅक्टला इम्पॅक्ट लावला. पण भाच्याला जिंकायला पाच-सहा वेळा बरोबर ओळखावं लागत होतं, त्या पोराला दोन-तीन वेळा पुरत होतं. 0–2. टॉप आठच्या दारातून परत.

परतताना भाचा म्हणाला, "मामा, लांब कॉम्बो काढून टाकायचा नव्हता." मला तसं वाटत नाही. मेमध्ये ठेवला असता तर आज अकुमापर्यंत पोचलाच नसता, बायसननंतरच घरी. पण आता त्याची वेळ आलीय, हे खरं.

बुधवार, 2 जुलै

हिशोब: पिको 450, बटणं सगळी मिळून साडेबाराशेच्या आसपास, अ‍ॅक्रिलिक आणि लेझर सहाशे, तारा-लग-सोल्डर दीडशे, प्लायच्या भोकांची मजुरी 300 वाया, प्रवेश फी वेगळी. एकूण पावणेतीन हजारांच्या आसपास. वेळेत सगळ्यात महाग पडली ती डावपेचांची वही आणि टीव्ही.

या महिन्याचं काम: कागदावर चौथी वाट. जवळचा मध्यम फटका लागला असं डोळ्यांनी पाहूनच ड्राइव्ह रश कॅन्सल, तोही समोरचा कोपऱ्यापासून अर्ध्या पडद्यात असेल तरच. बाकी ठिकाणी जुनीच छोटी वाट. गार्ड रँडम, तीन खणांपेक्षा कमी ड्राइव्ह असेल तर कॅन्सल नाही, आणि सरावात पहिले काही दिवस उड्यांचा स्लॉट बंद. मग एक स्लॉट सुरू करायचा, जमलं की दुसरा. भाऊंनी स्वतःहून क्लासिक कंट्रोल शिकायला घेतलंय, झँगीफची 360ची चाल माझ्या जुन्या पॅडवर. अजून निम्म्या वेळा उडीच निघते.